चौसष्टांची पाळी

नेटवर्क-कार्डासाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट प्रारंभीच मनाशी पक्की बांधावी लागते, ती ही की, संगणकाला जोडलेल्या बहुतेक उपकरणांकडून जे येते ते आपणच मागितलेले असते, परंतु नेटवर्कच्या तारेवरून जे येते ते अयाचित असते. डिस्ककडे आपण अमुक इतके ब्लॉक मागतो आणि यथावकाश ती तेवढेच आणून देते; मागणी थांबविली की पुरवठाही थांबतो. तारेपलीकडे जो कोणी आहे त्याला मात्र आपल्या सवडीची खबर नसते. तो पॅकेटे पाठवीत राहतो, आणि ती सर्व घेण्याची ऐपत या बाजूच्या प्रोसेसरात आहे किंवा नाही, हे त्याला कळावयास मार्ग नसतो. अशा अनिर्बंध आवकीपुढे यंत्राने कसे वागावे, या प्रश्नाचे एक अत्यंत विचारपूर्वक दिलेले उत्तर लिनक्स कर्नलमध्ये आहे. ते उत्तर एका जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरमध्ये उतरविण्याचे काम माझ्या वाट्याला आले, आणि ज्या कामांनी माझ्या विचारांना वळण लावले त्यांत मी त्याची गणना फार वर करतो.

तो काळ कर्नलच्या २.६ मालिकेचा. पुण्यातील एका लहानशा कंपनीत आम्ही काही मंडळी फायरवॉलची पेटी तयार करीत होतो. एखाद्या कचेरीचे किंवा कारखान्याचे अंतर्गत जाळे जेथे बाहेरच्या इंटरनेटला मिळते तेथे ही पेटी बसवावयाची, आणि आतबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नियमांनुसार तपासणी करून त्याला परवानगी द्यावयाची किंवा नाकारावयाची, असे तिचे काम. किंमत बेताची ठेवावयाची असल्यामुळे आत ४०० मेगाहर्ट्झचा एक प्रोसेसर आणि १०० मेगाबिटचे दोन पोर्ट, एवढाच सरंजाम होता. पोर्टांमागच्या चिपचा ड्रायव्हर चिप बनविणाऱ्यांकडून आयता मिळाला होता, आणि त्याची रचना जुन्या वहिवाटीची होती: एक पॅकेट आले की एक इंटरप्ट, आणि एक इंटरप्ट आला की एका पॅकेटची उचल.

रोजच्या वापरात या पेटीबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. फाइली उतरविल्या, पत्रव्यवहार झाला, दूरच्या शाखेशी बोलणे झाले, सर्व काही सुरळीत. खरी परीक्षा झाली ती लहान पॅकेटांच्या माऱ्याखाली. एका शेजारच्या संगणकावरून आम्ही कर्नलमधील पीकेटीजेन या साधनाने किमान लांबीची पॅकेटे शक्य तितक्या वेगाने सोडली, आणि पेटी गप्प झाली. पलीकडच्या पोर्टातून बाहेर पडणाऱ्या पॅकेटांचा वेग आधी थोडा चढला, मग उतरू लागला, आणि मारा आणखी वाढविल्यावर जवळपास शून्यावर येऊन ठेपला. सीरियल कन्सोलवर मी एक आज्ञा टाइप केली, तर तिचे एक अक्षरही पडद्यावर उमटेना. मग तार उपटली. त्या क्षणी मघाशी टाइप केलेली आज्ञा अक्षरशः एका दमात पडद्यावर आली, तिचे उत्तरही आले, आणि पेटी जणू काही घडलेच नाही अशी चालू लागली. कर्नल कोलमडला नव्हता, स्मृती संपली नव्हती, लॉगमध्ये एका ओळीचीही भर पडलेली नव्हती. प्रोसेसर सारा वेळ राबत होता, आणि त्या राबण्यातून निष्पन्न काहीच होत नव्हते.

कारण समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांची. तिच्यापुढे ८ बाइटांची पूर्वसूचना आणि तिच्यामागे १२ बाइटांइतके सक्तीचे अंतर, म्हणजे तारेवर तिला एकूण ८४ बाइटांची, अर्थात ६७२ बिटांची जागा लागते. १०० मेगाबिटच्या तारेवर अशा सेकंदाला सुमारे १,४८,८०० फ्रेमी येऊ शकतात, आणि दोन फ्रेमींमध्ये अवघे ६.७२ मायक्रोसेकंद मिळतात. ४०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्या अवकाशात २,७०० आवर्तनेही पुरती मिळत नाहीत. इंटरप्ट आल्याबरोबर चालू काम जागच्या जागी थोपवून रजिस्टरे जतन करणे, बसवरून कार्डाचे स्थिती-रजिस्टर वाचणे, ते वाचून होईपर्यंत तिष्ठत राहणे, परत जाताना जतन केलेले सर्व पूर्ववत करणे, आणि दरम्यान कॅशमधून हुसकले गेलेले परत आणणे, एवढा खर्च पॅकेटकडे नुसते पाहण्यापूर्वीच होऊन जातो. पॅकेट कोणाकडून कोणाकडे चालले आहे आणि नियम काय सांगतो, हा जो पेटीचा मूळ उद्योग, त्याला शिल्लक काय राहणार?

त्यातही खर्चापेक्षा अग्रक्रमाचा दोष अधिक घातक होता. जुन्या रचनेत इंटरप्टचा हँडलर पॅकेट उचलून एका रांगेत ठेवतो आणि निघून जातो. त्या रांगेतून पॅकेटे काढून त्यांची खरी वासलात लावण्याचे काम मागाहून, सवडीने, सॉफ्टआयआरक्यू नावाच्या दुय्यम टप्प्यात होते. मामलेदार कचेरीतील एखादा कारकून डोळ्यांपुढे आणावा. प्रत्येक अर्जदाराने घंटी वाजवावी, आणि घंटी वाजली की कारकुनाने हातातले काम टाकून उठावे, अर्ज घ्यावा, आवक-बारनिशीत नोंद करावी आणि अर्ज चळतीवर ठेवावा, असा सक्त हुकूम. अर्जदार थोडे असतील तोवर ही शिस्त उत्तम. दारात झुंबड उडाली म्हणजे मात्र घंटी थांबतच नाही. सारा दिवस नोंदी करण्यात जातो, एकाही अर्जाचा निकाल लागत नाही, आणि चळतीत जागा उरली नाही की नुकताच नोंदलेला अर्ज रद्दीत टाकण्याचे कामही त्यालाच करावे लागते. आमच्या पेटीत अगदी हेच चालले होते. प्रोक या फाइलप्रणालीत ‘सॉफ्टनेट स्टॅट’ नावाची एक फाइल असते. तिच्या दुसऱ्या स्तंभात, षोडशमान अंकांत, रांग भरल्यामुळे टाकून दिलेल्या पॅकेटांची संख्या दिसते. तार उपटल्यानंतर मी ती फाइल उघडली तेव्हा तो आकडा भयंकर फुगलेला होता. त्यातील प्रत्येक पॅकेटसाठी बफर मिळविला गेला होता, इंटरप्टचे पूर्ण मोल मोजले गेले होते, आणि मग ते फेकून दिले गेले होते.

या अवस्थेचे निदान आमच्या पुष्कळ आधी झालेले होते. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली युझनिक्सच्या परिषदेत मांडलेल्या निबंधात तिला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ असे नाव देऊन तिची मीमांसा केली आहे. आवक वाढत जाताना निष्पत्ती एका मर्यादेपर्यंत वाढावी आणि पुढे तेथेच स्थिर राहावी, ही सुदृढ यंत्रणेची खूण. इंटरप्टांवर विसंबणाऱ्या कर्नलमध्ये मात्र ती शिखर गाठून खाली घसरते, कारण घेण्याच्या कामाला निकाली काढण्याच्या कामापेक्षा वरचा दर्जा मिळालेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लिनक्समध्ये या विचाराला मूर्त रूप दिले जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह या तिघांनी. ओल्सन हे स्वीडनमधील उप्सला विद्यापीठातले. ज्या पीकेटीजेनने आम्ही आमच्या पेटीला जेरीस आणले तेही त्यांचेच. या तिघांनी २००१ साली आपली रचना प्रसिद्ध केली, ती कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत दाखल झाली आणि तेथून २.४.२० मध्येही आणली गेली. तिचे नाव नॅपी. पुढे २००८च्या जानेवारीत निघालेल्या २.६.२४ मध्ये तिच्या जोडणीत मोठा फेरफार होऊन ती आज ओळखीच्या असलेल्या रूपात आली. आम्ही काम केले ते याच फेरफारानंतरच्या रूपावर.

नॅपीचे म्हणणे थोडक्यात असे. पहिले पॅकेट आले की कार्डाने इंटरप्ट द्यावा. हँडलरने पॅकेटला हात न लावता फक्त दोन गोष्टी कराव्यात: आवकीचे इंटरप्ट कार्डाच्याच रजिस्टरातून बंद करावेत, आणि ‘या कार्डाकडे पाहावयाचे आहे’ अशी नोंद करून परतावे. त्यानंतर सॉफ्टआयआरक्यूच्या टप्प्यात कर्नल आपण होऊन ड्रायव्हरचे पोल हे फंक्शन बोलावतो, आणि ते कार्डाच्या रिंगमध्ये, म्हणजे आलेली पॅकेटे ठेवण्याच्या चक्राकार रांगेत, साठलेली पॅकेटे एकामागून एक थेट वरच्या थरांच्या स्वाधीन करते. रिंग रिकामी झाली की पोलिंग संपले असे जाहीर करून इंटरप्ट पुन्हा उघडावयाचे. रिंग रिकामी होत नसेल तर इंटरप्ट उघडावयाचेच नाहीत. पाळी पाळीने येऊन पाहत राहावयाचे.

इंटरप्टांचा त्रासच आहे तर ते कायमचे बंद करून घड्याळाच्या ठोक्यावर कार्ड का पाहू नये, असा प्रश्न आमच्यातील एका तरुण सहकाऱ्याने केला होता, आणि तो प्रश्न रास्त होता. पण ठोके विरळ ठेवले तर एकट्यादुकट्या पॅकेटला उगाच ताटकळावे लागते, आणि दाट ठेवले तर यंत्र निवांत असतानाही प्रोसेसर रिकामी रिंग तपासण्यात झिजतो. कार्डाने काही काळ वाट पाहून अनेक पॅकेटांमागे एकच इंटरप्ट द्यावा, असा हार्डवेअरचाही एक उपाय आहे, आणि पुष्कळ कार्डांत तो असतो. परंतु वाट किती पाहावयाची हा आकडा कोणीतरी आधी ठरवावा लागतो, आणि तो सकाळच्या गर्दीला योग्य ठरला तर रात्रीच्या शांततेला अयोग्य ठरतो. नॅपीत असा आकडाच नाही. काम थोडे असेल तर ती इंटरप्टवर चालते, काम अमाप झाले की पोलिंगवर जाते, आणि या दोहोंमधील संक्रमण रिंग रिकामी आहे की नाही एवढ्या एकाच वस्तुस्थितीवर अवलंबून असते. यंत्राच्या वर्तनाचा निर्णय अंदाजावर न ठेवता प्रत्यक्ष स्थितीवर ठेवण्याची ही कल्पना मला तेव्हाही सुंदर वाटली आणि आजही वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. हँडलर लहान करणे सोपे गेले. त्यातही एक जागा जपण्यासारखी होती. इंटरप्ट बंद करण्यासाठी कार्डाच्या रजिस्टरात जे लिहावयाचे ते प्रोसेसरच्या दृष्टीने लगेच लिहून होते, परंतु वस्तुतः ते वाटेत, पीसीआय बसच्या पुलाच्या पोटात, काही काळ पडून राहू शकते. तेवढ्यात हँडलर परतला तर इंटरप्टची रेषा अद्याप उचललेलीच असते, आणि तोच इंटरप्ट पुन्हा येऊन धडकतो. म्हणून लिहिल्यानंतर तेच रजिस्टर एकदा वाचून घ्यावयाचे; वाचन पुरे होण्याआधी अडकलेले लेखन कार्डापर्यंत पोहोचणे बसच्या नियमांनी बंधनकारक आहे. शिवाय बंद करावयाचे ते फक्त आवकीचे इंटरप्ट, आणि तेही कार्डापुरते. इंटरप्टची सबंध रेषाच बंद केली तर तिच्यावर भागीदारीत असलेल्या दुसऱ्या पोर्टाचाही आवाज बंद होतो.

मर्म आहे ते पोलमध्ये. कर्नल या फंक्शनला एक मर्यादा देतो, ती सामान्यतः ६४ पॅकेटांची. तेवढी पॅकेटे उचलली की, रिंगमध्ये आणखी शेकडो वाट पाहत असली तरी, थांबावयाचे आणि ६४ हा आकडा परत करावयाचा. मग कर्नल या कार्डाला यादीच्या शेवटी नेऊन पुढच्या कार्डाला पाळी देतो. एका फेरीत सर्व कार्डांची मिळून ३०० पॅकेटे, किंवा ठरलेला अल्प अवधी, यांपैकी जे आधी संपेल तेथे फेरीही थांबते, आणि उरलेले काम पुढे ढकलले जाते. फारच रेटा असेल तर ते के-सॉफ्टआयआरक्यू-डी या कर्नलच्या थ्रेडकडे जाते, जो इतर कार्यक्रमांच्या बरोबरीने शेड्यूलरच्या हुकमतीत राहतो. कन्सोलवरच्या माणसाला उत्तर मिळते ते या व्यवस्थेमुळे. येथे एक बारकावा असा की, बरोबर ६४ पॅकेटे उचलली आणि नेमकी त्याच वेळी रिंग रिकामी झाली, तरीही पोलिंग संपल्याचे जाहीर करावयाचे नाही. ६४ परत केले म्हणजे ‘मला आणखी पाळी हवी’ असाच त्याचा अर्थ कर्नल घेतो. तेव्हा पुढच्या पाळीला येऊन, शून्य पॅकेटे मोजून, मगच निरोप घ्यावयाचा. हा करार शब्दशः पाळला नाही तर यादीची मालकी कोणाकडे आहे याविषयी कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यात गफलत होते, आणि अशी गफलत भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी वर येते.

पाठवून झालेल्या पॅकेटांचे बफर मोकळे करणे, रिंगमधील रिकाम्या झालेल्या जागी नवे बफर बसविणे, रिंगमधील प्रत्येक जागेचे वर्णन करणाऱ्या डिस्क्रिप्टरवरील मालकीचा बिट वाचल्यानंतरच त्याची लांबी वाचली जाईल असा बंदोबस्त करणे, ही कामेही पोलमध्येच आली. त्यांविषयी अधिक लिहीत नाही. ती चिपागणिक बदलतात.

नवा ड्रायव्हर चढवून पुन्हा तोच मारा सुरू केला तेव्हा जे दिसले ते पाहण्यासारखे होते. बाहेर पडणाऱ्या पॅकेटांचा वेग चढला, एका पातळीला पोहोचला आणि मारा कितीही वाढविला तरी त्या पातळीवरून हलला नाही. एका खिडकीत मी इंटरप्टांची मोजणी दर सेकंदाला छापीत होतो. मारा वाढविला तसतसा तो आकडा प्रथम वाढला, मग घटू लागला, आणि पूर्ण वेगाला तर जवळपास गोठून गेला; सेकंदाला लाखाच्या वर पॅकेटे येत होती आणि आवकीचे इंटरप्ट नावाला उरले होते. कन्सोलवर टाइप केलेले अक्षर लगेच उमटत होते. पॅकेटे अजूनही गळतच होती, कारण प्रोसेसर तोच होता आणि त्याची शक्ती तीच होती. परंतु आता ती गळत होती कार्डाच्या रिंगपाशी. रिंग भरलेली, इंटरप्ट बंद, तेव्हा कार्ड नव्या फ्रेमीला जागाच देत नव्हते, आणि त्या नाकारण्यासाठी प्रोसेसरचे एकही आवर्तन खर्च होत नव्हते. जे निभावता येणार नाही ते शक्य तितक्या लवकर, शक्य तितक्या स्वस्तात नाकारावे, म्हणजे जे स्वीकारले ते शेवटास नेता येते, हे तत्त्व मी तोवर वाचलेले होते. त्या दिवशी ते आकड्यांत पाहिले.

काम येथे संपले असते तर मी हा लेख लिहिला नसता. आमच्या चाचणी-विभागात एक अनुभवी बाई होत्या. त्यांना वयाच्या आणि कामाच्या अधिकाराने सर्वजण ताई म्हणत. सगळ्यांचे लक्ष पूर्ण वेगाच्या आकड्यांकडे लागलेले असताना त्यांनी स्वतंत्रपणे एक अगदी हलकी चाचणी चालू ठेवली होती: एक संगणक पेटीतून पलीकडच्या संगणकाला छोटी मागणी पाठवितो, ती मागणी दोन लहान तुकड्यांत पाठोपाठ जाते, उत्तर आले की पुढची मागणी. अशी देवघेव रात्रभर.

सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “जरा हे बघता का? बाकी सगळं झटक्यात होतंय, पण मधेच एखाद्या मागणीला दोनशे मिलिसेकंद लागतायत. दरवेळी दोनशेच्या किंचित वर. शंभर नाही, तीनशे नाही.”

“नेटवर्कवर दुसरं काही चालू होतं का, ताई?”

“काही नाही. तीच तर गोष्ट आहे. गर्दी केली की हे होतच नाही. मी करून पाहिलं.”

दोनशे हा आकडा ऐकताच दिशा कळली. लिनक्सच्या टीसीपीत, पाठविलेल्याची पोच आली नाही तर ते पुन्हा पाठविण्यापूर्वी किमान जेवढे थांबावयाचे, तो अवधी २०० मिलिसेकंदांचा आहे. म्हणजे कोठेतरी एक पॅकेट हरवत होते. आम्ही दोन्ही ठिकाणी, पाठविणाऱ्या संगणकावर आणि पेटीच्या आतल्या पोर्टावर, टीसीपीडम्प या साधनाने पॅकेटांची नोंद घेतली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पाठविणाऱ्याच्या नोंदीत मागणीचा दुसरा तुकडा एकदा गेलेला दिसत होता, आणि दोनशे मिलिसेकंदांहून थोड्या अधिक काळाने तोच, त्याच अनुक्रमांकाचा, पुन्हा गेलेला दिसत होता. पेटीच्या नोंदीतही तो दोनदा होता. परंतु तेथे त्या दोहोंमधील अंतर काही मायक्रोसेकंदांचे होते.

हे वाचून मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिलो. पॅकेट हरवलेले नव्हते. ते पहिल्याच वेळी पेटीपर्यंत आले होते, कार्डाने ते रिंगमध्ये नीट ठेवलेही होते, आणि मग दोनशे मिलिसेकंद तेथेच, कोणी न पाहिल्यामुळे, पडून राहिले होते. पुन्हा पाठविलेले आले तेव्हा इंटरप्ट झाला, पोल धावला, आणि त्याला दोन्ही एकदम सापडली. टीसीपीडम्पची वेळ पॅकेट सॉफ्टवेअरच्या हाती आल्यावर पडते, त्यामुळे दोघांची वेळ जवळपास एकच लागली होती.

असे का व्हावे? पोलने रिंग पाहिली, ती रिकामी आढळली. त्याने काम संपल्याचे जाहीर करून इंटरप्ट उघडले. या दोन क्रियांच्या दरम्यान जो अत्यंत निमुळता काळ जातो, नेमके त्यातच मागणीच्या दुसऱ्या तुकड्याचे पॅकेट आले. ज्या चिपा इंटरप्ट बंद असतानाच्या घटना लक्षात ठेवून इंटरप्ट उघडताच त्यांची वर्दी देतात, त्यांच्या बाबतीत यात काही बिघडत नाही, आणि आमच्या चिपच्या माहितीपुस्तकावरून ती त्याच जातीची असावी असा बोध होत होता. प्रत्यक्षात ती तशी नव्हती. दार बंद असताना जे आले त्याची वर्दी दार उघडल्यावर ती देत नसे. उघडल्यानंतर जे येईल त्याचीच देई. तेव्हा त्या निमुळत्या काळात आलेले पॅकेट पुढचे पॅकेट येईपर्यंत अनाथ राहावयाचे. नॅपीच्या कर्त्यांना हा धोका ठाऊक होता, आणि नॅपीच्या मूळ मार्गदर्शिकेत तो स्पष्ट मांडलेला होता. मात्र आपली चिप दोहोंपैकी कोणत्या वर्गात मोडते हे ज्याचे त्यालाच सिद्ध करून घ्यावे लागते.

उपाय चार ओळींचा. पोलिंग संपल्याचे जाहीर करून इंटरप्ट उघडावयाचे, ते लेखन कार्डापर्यंत पोहोचल्याची खात्री रजिस्टर परत वाचून करून घ्यावयाची, आणि त्यानंतर रिंगमधील पुढच्या डिस्क्रिप्टरकडे एकदा, शेवटचे, पाहावयाचे. तेथे पॅकेट आढळले तर इंटरप्ट पुन्हा बंद करून स्वतःची नोंद पुन्हा यादीत करावयाची. क्रम येथे सर्वस्व आहे. आधी पाहून मग उघडले तर ती फट तशीच राहते. उघडून मग पाहिले तर पॅकेट फटीच्या अलीकडे आले असो वा पलीकडे, ते डोळ्यांनी तरी दिसते किंवा त्याचा इंटरप्ट तरी येतो. दोन्ही घडले तरी हरकत नाही, कारण एकदा यादीत असलेल्या कार्डाची दुसरी नोंद कर्नल घेतच नाही. हा बदल करून ताईंनी तीच चाचणी कित्येक रात्री चालविली, आणि दोनशे मिलिसेकंदांची ती नोंद पुन्हा दिसली नाही.

या दोषाची जी बाजू मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते ती ही की, तो गर्दीत दिसणे अशक्य होते. पॅकेटांची रीघ लागलेली असताना मागे राहिलेल्या पॅकेटला पुढचे पॅकेट काही मायक्रोसेकंदांत सोडवून नेते, आणि कोणाला कळतही नाही. जी यंत्रणा आपण भर गर्दीसाठी उभारली, तिचे वैगुण्य निवांत वेळीच प्रकट होणार होते. आणि आमच्या पेट्या ज्या कचेऱ्यांत जावयाच्या तेथे दिवसाचा बहुतेक वेळ निवांतच असतो. गावातील एखाद्या पतपेढीच्या शाखेत पासबुकाची एक नोंद करताना यंत्र मधूनच क्षणभर अडते, एवढेच तेथल्या माणसाला जाणवले असते, आणि त्याचा दोष त्याने पेटीला सोडून बाकी सर्वांना दिला असता.

त्यानंतर या क्षेत्रात पुष्कळ पाणी वाहून गेले. १० गिगाबिटच्या तारेवर दोन लहानात लहान फ्रेमींमधील अंतर ६७.२ नॅनोसेकंदांवर आले आहे, आणि तेथे दर पॅकेटमागे इंटरप्टची कल्पनाही कोणी करीत नाही. एका कार्डाला अनेक रांगा आल्या, प्रत्येक रांगेला स्वतःची नॅपी आली, आणि २०२१ साली निघालेल्या ५.१२ कर्नलपासून पोलिंगचे काम स्वतंत्र थ्रेडांकडेही सोपविता येऊ लागले. ६४ची पाळी मात्र कायम आहे, इतकी की अलीकडच्या कर्नलमध्ये हा आकडा नोंदणीच्या वेळी सांगावाही लागत नाही. तो गृहीतच धरला जातो. ज्या तिघांनी ही रचना केली त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. त्यांनी यंत्राला अधिक वेगाने धावावयास शिकविले नाही. किती घ्यावे आणि केव्हा थांबावे हे शिकविले, आणि त्यातून वेग आपोआप आला.

आजही जुन्या धाटणीचे ड्रायव्हर लहान कारखान्यांत, मोजमापाच्या उपकरणांत, कोणाच्या तरी स्वतःच्या हार्डवेअरमध्ये शिल्लक आहेत, आणि ते नॅपीवर आणण्याचे काम कोणा ना कोणा तरुण इंजिनियरच्या वाट्याला येत राहील. त्याला किंवा तिला माझी एवढीच विनंती आहे. पूर्ण वेगाचा मारा करून आलेख सपाट झाला म्हणजे काम झाले असे समजू नका. एक हलकी देवघेव, अनियमित अंतराने येणाऱ्या एकट्यादुकट्या पॅकेटांची, रात्रभर चालवून पाहा, तिच्यातील सरासरी न पाहता सर्वांत मोठा विलंब पाहा, आणि तो दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास आढळला तर दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा.